अठरा वर्षांनी पुन्हा स्पॅनिश : तासगावच्या द्राक्षबागेतलं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या वहिनींचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितेय. नाव आणि गाव त्यांच्याच इच्छेने बाहेर ठेवलंय. तासगाव तालुका, चार एकर द्राक्षबाग, घरात सासू-सासरे, अकरावीतला मुलगा, सातवीतली मुलगी आणि वहिनींचं वय त्रेचाळीस, एवढं वाचकाला पुरे. मी सांगलीत विश्रामबागेत परदेशी भाषा शिकवते आणि त्यात स्पॅनिश आहे. त्यामुळे जे घडलं ते जवळून बघता आलं आणि काही ठिकाणी त्यात हातही घालता आला.

वहिनी पुण्यात कृषी शाखेची पदवी घेत असतानाच संध्याकाळच्या वर्गाला स्पॅनिश शिकल्या. दोन वर्षं वर्ग झाला, मग लग्नापर्यंत दीडेक वर्ष एका कंपनीत स्पॅनिशमधला पत्रव्यवहार सांभाळला. २००६ साली लग्न होऊन त्या आमच्या घरी आल्या आणि स्पॅनिश तिथेच थांबली. वह्या माळ्यावर गेल्या. बोलायला कुणी नव्हतं, ऐकायला काही नव्हतं. २०२४ च्या जूनमध्ये, खरड छाटणीनंतरची शेंडा मारायची धांदल जरा कमी झाल्यावर, त्यांनी फोनवर एक डिजिटल कोर्स सुरू केला.

एकदा चांगली शिकलेली आणि मग अठरा वर्षं तोंडात न आलेली भाषा परत आणायची, तर ती पहिल्या धड्यापासून शिकायची का? कोर्सचं उत्तर 'हो' असं होतं. माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मी इतक्या ठामपणे का म्हणते हे या एका माणसाच्या अनुभवावरून सांगता येईल असं वाटतं.

द्राक्षाला स्पॅनिश कशाला

गावात हा प्रश्न वहिनींना बऱ्याच जणांनी विचारला. उत्तर सरळ आहे. खायच्या द्राक्षांच्या निर्यातीत चिली आणि पेरू जगात पुढे आहेत, आणि दोन्हीकडे बागेतली भाषा स्पॅनिश. त्यात चिलीचं हवामान आपल्यासारखं नाही. तिथे हिवाळ्यात वेल झोपते आणि वसंतात आपसूक फुटते. पेरूच्या उत्तरेकडचा पिउरा हा भाग मात्र विषुववृत्तापासून पाचेक अंशांवर आहे. तिथे वेलीला झोपवेल अशी थंडी पडतच नाही. काडीवरचे डोळे, म्हणजे नवी फूट निघते ते कोंब, फोडायचे तर छाटणी आणि हायड्रोजन सायनामाइड हे रसायन यांच्यावरच भिस्त. तासगावच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. आपणही एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी आणि मग डोळ्यांना त्याच रसायनाची पेस्ट, असंच वर्ष काढतो. फरक आहेत. पिउरा मुळात वाळवंटी, एल निन्योचं वर्ष सोडलं तर पाऊस नगण्य, आणि आपल्याकडे ऐन फुलोऱ्यात अवकाळी येऊन डाऊनी हा बुरशीचा रोग पसरतो. पण वेलीच्या अंगात जे चालतं ते बरंच सारखं.

या विषयावर इंग्रजीत जे मिळतं ते शोधनिबंधातून गाळून आलेलं असतं. काडी हातात धरून, बागेत उभा राहून बोलणारा माणूस स्पॅनिशमध्येच बोलतो. वहिनींना तो माणूस ऐकायचा होता आणि जमलं तर त्याला उलट प्रश्न विचारायचा होता. 'हौस म्हणून' किंवा 'मेंदू तल्लख राहतो म्हणून' भाषा परत धरणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यातले बहुतेक सणासुदीला सुटतात. वहिनींचं कारण त्यांच्या बागेत उभं होतं. या प्रकरणात मी याला फार वजन देते.

कोर्सला काय दिसलं

कोर्सच्या सुरुवातीला पातळी ठरवणारी चाचणी होती. इंग्रजी वाक्य दिसायचं, ते स्पॅनिशमध्ये टाइप करायचं. वहिनींची क्रियापदांची शेवटची अक्षरं चुकली, आघातचिन्हं राहिली, दोन-तीन शब्द आठवलेच नाहीत. चाचणीने त्यांना जवळजवळ तळाला बसवलं. मग 'मुलगा सफरचंद खातो', 'मुलगी दूध पिते' सुरू झालं.

कोर्सला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. त्याने केलेलं एक काम मोलाचं होतं. रोज वीस मिनिटं स्पॅनिश आवाज कानावर पडत राहिला. अठरा वर्षं बंद असलेला कान महिन्याभरात जागा झाला, आणि ते मी किंवा कुठलंही पुस्तक इतक्या स्वस्तात करू शकलो नसतो. शब्द ठरावीक अंतराने पुन्हा समोर आणायची त्याची पद्धतही पक्की आहे. जर्मनीत सेबास्टियान लाइटनर याने १९७२ साली चिठ्ठ्यांच्या पेट्या करून जी रीत लोकप्रिय केली, तीच आता फोनमध्ये बसली आहे. जे चुकतं ते लवकर परत येतं, जे जमतं ते उशिरा.

पण पंचमीला मी माहेरी गेले तेव्हा चित्र वेगळंच निघालं. वहिनींनी मोठ्या समाधानाने फोन दाखवला. पाठ भराभर संपत होते, गुण साठत होते, रोजची साखळी अखंड होती. मी म्हटलं, "वहिनी, काल दिवसभर काय केलंत ते स्पॅनिशमध्ये सांगा बघू." त्या म्हणाल्या, "आयेर, यो…" आणि थांबल्या. 'काल, मी…' याच्या पुढे क्रियापद येईना. तेच क्रियापद फोनवर चार पर्यायांत दिसलं की बोट बरोबर त्यावर जायचं. "वन्सं, मला सगळं येतंय असं वाटतं आणि तोंडातून काहीच निघत नाही," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं.

समोर दिसलेलं ओळखणं आणि रिकाम्या तोंडातून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुन्हा शिकणाऱ्या माणसाचं पहिलं काम फारसं बिघडलेलंच नसतं. आणि कोर्स बहुतेक वेळ नेमकं तेच करून घेतो. म्हणून गुण वाढतात, शाबासकी मिळते आणि जीभ जिथल्या तिथे राहते. नवशिक्याला ही अडचण इतक्या लवकर टोचत नाही, कारण त्याच्याकडे काढण्यासारखंच काही नसतं.

गेलं काय, उरलं काय

त्याच दुपारी माळ्यावरच्या वह्या खाली आल्या. धूळ झटकून आम्ही दोघी सोप्यात बसलो आणि मी माझ्या पद्धतीने तपासणी केली. गुण नाहीत, वेळ लावलेली नाही. एक परिच्छेद वाचायला दिला, एक ऐकून लिहायला दिला, मग पाच विषयांवर सुचेल ते बोलायला सांगितलं.

वाचन जवळपास शाबूत होतं. उच्चारही. नामाचं लिंग आणि विशेषणाचा मेळ हाताशी होता, आणि मराठीत तीन लिंगं सांभाळणाऱ्या माणसाला दोन सांभाळणं तसंही जड नसतं. वर्तमानकाळ थोडा अडखळत का होईना, येत होता. पूर्ण गेली होती ती अनियमित भूतकाळी रूपं, शंभरापुढचे आकडे, आणि 'तरीसुद्धा', 'त्यामुळे', 'जोपर्यंत' असे वाक्याला वाक्य जोडणारे शब्द. बोलताना वाक्य कोसळायचं ते बहुतेक वेळा याच जोडांवर. कोर्सच्या सुरुवातीच्या पाठांत यातलं काहीही नव्हतं. म्हणजे वहिनी रोज वीस मिनिटं जे शाबूत होतं त्याचीच डागडुजी करत होत्या.

यात त्यांची स्मरणशक्ती काही निराळी नव्हती. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक यांनी १९८४ साली नेमका हाच विषय घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या ७३३ जणांना त्यांनी तपासलं. त्यात काहींचं शिकणं नुकतंच झालेलं, तर काहींना पन्नास वर्षं उलटलेली. पहिल्या तीन ते सहा वर्षांत विसरणं झपाट्याने होतं. त्यानंतर जे उरतं ते न वापरतासुद्धा तीसेक वर्षं जवळपास तसंच टिकतं. किती उरणार हे मूळ शिक्षण किती पक्कं झालं यावर ठरतं. वहिनींचं गळायचं ते पहिल्या काही वर्षांतच गळून गेलं होतं. पुढची दहा-बारा वर्षं काही नवीन हरवलंच नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. 'अठरा वर्षं' या आकड्याचंच त्यांना ओझं झालं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पूर्ण विसरल्यासारखी वाटणारी यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. जो वेळ वाचतो तो जुन्या स्मरणाचा पुरावा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेचा अंदाज आहे की इंग्रजी भाषकाला स्पॅनिशमध्ये कामापुरतं तयार व्हायला ६०० ते ७५० तास वर्गात बसावं लागतं. तो हिशेब शून्यापासूनचा आहे. वहिनींना तो लावणं म्हणजे फेडलेलं कर्ज पुन्हा फेडायला लावणं.

इंग्रजी मधून काढली

कोर्स इंग्रजीतून शिकवायचा. वहिनींचं इंग्रजी चांगलं आहे, त्यामुळे अडचण कळायला वेळ लागला. अडचण अशी की समजावणी इंग्रजी भाषकाला जिथे ठेच लागते तिथली असते, आणि मराठी माणसाला तिथे ठेच लागतच नाही.

'मे गुस्तान लास उवास' हे वाक्य घ्या. मला द्राक्षं आवडतात. इंग्रजीत 'मी' कर्ता असतो आणि 'द्राक्षं' कर्म, त्यामुळे स्पॅनिशची ही रचना इंग्रजी माणसाला उलटी वाटते आणि कोर्स त्यावर पाठच्या पाठ खर्च करतो. मराठीत ती रचना आपण रोज जगतो. आवडणारी वस्तू अनेक असेल तर क्रियापद अनेकवचनी होतं, 'आवडतं'चं 'आवडतात' होतं. स्पॅनिशमध्येही 'गुस्ता'चं 'गुस्तान' होतं. 'मला वाटतं' म्हणजे 'मे पारेसे'. 'मला दोन माणसं कमी पडतात' म्हणजे 'मे फाल्तान दोस पेर्सोनास', शब्दाला शब्द. विरळणीच्या, म्हणजे घडातले जादा मणी काढायच्या, दिवसांत हे वाक्य वहिनी दिवसातून तीनदा मराठीत बोलतात. त्याचं स्पॅनिश रूप त्यांना पाठ करावं लागलं नाही.

भूतकाळाचं तसंच. स्पॅनिशमध्ये एकदा घडून गेलेल्याला एक रूप आणि नेहमी घडायचं त्याला दुसरं. इंग्रजीतून हे समजावताना तक्ते, बाण, कालरेषा लागतात. मी वहिनींना म्हटलं, 'छाटलं' आणि 'छाटायचे' यांत जो फरक, तोच हा. 'मी सुएग्रो पोदाबा एन आब्रिल', सासरे एप्रिलमध्ये छाटायचे. 'आयेर पोदो', काल त्यांनी छाटलं. सगळीच वाक्यं इतकी बरोबर बसत नाहीत, पण दहातली आठ बसतात, आणि बोलायला तोंड उघडायचं तर आठ पुरतात.

माणसाला कर्म केलं की स्पॅनिशमध्ये त्याच्या आधी 'आ' लागतो, वस्तूला लागत नाही. 'बेओ ला पार्रा', वेल बघते. 'बेओ आ मी एर्मानो', भावाला बघते. मराठीतला 'ला' नेमका तिथेच येतो. कोर्समध्ये वहिनी हा 'आ' सतत विसरायच्या, कारण त्या इंग्रजी वाक्यावरून स्पॅनिश बांधत होत्या. मराठीवरून बांधायला लागल्यावर तो विसरणं जवळजवळ थांबलं.

आणि ज्याची स्पॅनिश शिकणारे सगळ्यात जास्त धास्ती घेतात, ते इच्छा-शंकेचं क्रियापद. 'तू उद्या यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' आपण विचार न करता बोलतो. 'कियेरो के बेंगास मान्याना' यातलं 'बेंगास' तेच काम करतं. पाऊस न पडो, 'ओखाला के नो युएबा'. हे वाक्य वहिनींनी एकदा ऐकलं आणि पुन्हा कधी विसरल्या नाहीत. घड फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आलेलं ज्याने बघितलंय त्याला ते विसरता येणारच नाही.

मराठी दगा देते त्या जागाही आहेत, आणि त्या आधीच सांगून ठेवाव्यात. 'मी वेली छाटल्या' यात क्रियापद वेलींच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये ते 'मी'लाच चिकटलेलं राहतं. वहिनी घाईत बोलल्या की त्यांच्या वाक्यात वेलीच छाटणी करायला निघायच्या. 'आहे'साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं, 'सेर' आणि 'एस्तार'. 'द्राक्ष गोड असतं' आणि 'हे द्राक्ष गोड आहे' या फरकाने थोडी वाट दिसते, पण 'मी शेतकरी आहे' म्हणताना ती वाट चुकीच्या घरी नेते. इथे मराठीचा हात सोडून सराव करणं हाच मार्ग.

आम्ही केलं ते एवढंच. कोर्स बंद केला नाही, पण त्याचं काम कानापुरतं ठेवलं. वहिनींनी फोनवर स्वतःच्या चिठ्ठ्या करायला घेतल्या. पुढच्या बाजूला त्या दिवशी बागेत किंवा घरात खरंच बोललेलं मराठी वाक्य, मागच्या बाजूला स्पॅनिश. उत्तर बघण्याआधी वाक्य मोठ्याने म्हणायचं. इंग्रजी कुठेही नाही. सुरुवातीला रोज चार-पाच वाक्यं व्हायची. पर्यायांतून बोट ठेवण्यापेक्षा हे कितीतरी कष्टाचं आहे, आणि म्हणूनच ते लागू पडतं.

जुनं स्पॅनिश, नवं स्पॅनिश

पुन्हा शिकणाऱ्याची एक अडचण नवशिक्याला कधीच येत नाही. त्याच्याकडे एक जुनी, पक्की बसलेली आवृत्ती असते.

वहिनींना पुण्यात स्पेनची बोली शिकवली होती. 'धन्यवाद'ला त्या 'ग्राथियास' म्हणायच्या. कोर्स लॅटिन अमेरिकेचा, तो 'ग्रासियास' म्हणायचा. स्पेनमध्ये मित्रमंडळींना 'तुम्ही' म्हणायला 'बोसोत्रोस' आहे आणि त्याची क्रियापदाची वेगळी रूपं आहेत. लॅटिन अमेरिकेत ती वापरत नाहीत, सगळ्यांना 'उस्तेदेस'. वहिनींच्या तोंडी जुनी रूपं यायची आणि त्यांना आपण चुकलो असं वाटायचं. त्या चुका नव्हत्या. पिउराशी बोलायचं म्हणून उच्चार आणि अनेकवचन तेवढं बदलायचं ठरवलं, आणि ते तीन आठवड्यांत बसलं. एकट्या माणसाशी बोलताना आदरार्थी 'उस्तेद' वापरायचं हे त्यांना सांगावंच लागलं नाही. अनोळखी, मोठ्या माणसाला आपण अहो-जाहोच करतो.

लेखनाचेही नियम मधल्या काळात हलले होते. २०१० साली स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी नवीन लेखनसंहिता आणली. 'च' (ch) आणि 'य्य' (ll) या अक्षरजोड्यांना वर्णमालेतून काढलं, अक्षरं सत्तावीस राहिली. 'फक्त' या अर्थाच्या 'सोलो'वरचं आघातचिन्ह देऊ नये असंही सांगितलं. वहिनींच्या वहीत सगळीकडे ते चिन्ह होतं आणि त्यांच्या शिक्षिकेने लाल शाईने ते मुद्दाम घालायला लावलं होतं. आपल्याला शिकवलेलं चूक होतं की काय, या विचाराने त्या जरा हिरमुसल्या. त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. आणि स्पेनच्या अकादमीने २०२३ मध्ये, अर्थाचा घोटाळा होतोय असं लिहिणाऱ्याला वाटलं तर चिन्ह द्यायला हरकत नाही, असं स्पष्ट केलंच.

चाळीस सेकंदांचा आवाज

सप्टेंबरच्या सुरुवातीला ओळखीच्या एका निर्यातदारामार्फत पिउराच्या एका कृषितज्ज्ञाशी गाठ घालून मिळाली. साठीकडे झुकलेले गृहस्थ, बोलायला मोकळे. ते व्हॉट्सॅपवर आवाज पाठवायचे. वहिनींसाठी याहून चांगलं काही नव्हतं. समोरासमोरचं बोलणं निसटून जातं. आवाजाची नोंद दहा वेळा ऐकता येते.

पहिली नोंद चाळीसेक सेकंदांची होती, छाटणीवर. वहिनी शेतातल्या शेडमध्ये औषधाच्या पेटीवर बसल्या, मांडीवर वही, कानात एक बटण. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुटे शब्द हाती लागले: पोदा, म्हणजे छाटणी. रासिमो, घड. मग पाच-पाच सेकंदांचे तुकडे करून त्या ऐकू येईल तसं देवनागरीतच लिहीत गेल्या. ही त्यांचीच युक्ती, आणि मी ती आता माझ्या वर्गातही वापरते. स्पॅनिशचे पाच स्वर देवनागरीत जवळपास तंतोतंत बसतात, आणि त, द, प, क हे आपल्यासारखेच, श्वास न सोडता येतात. रोमन लिपीत लिहायला गेलं की इंग्रजी उच्चार मध्ये घुसतात.

एका वाक्याशी गाडी अडली. 'आकी देखामोस दोस येमास.' इथे आम्ही दोन… ठेवतो. कोर्सने 'येमा' म्हणजे अंड्याचा बलक असं शिकवलं होतं, स्वयंपाकाच्या पाठात. वहिनींनी वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं आणि एकदम हसल्या. खरड छाटणीत आपण काडीवर दोन डोळे ठेवतो. तो माणूस डोळ्यांबद्दल बोलत होता. शब्दकोश उघडायच्या आधीच त्यांना अर्थ लागला होता, कारण त्या कामात पंचवीस-तीस वर्षं मुरलेल्या सासऱ्यांकडून त्यांनी ते काम हातात घेतलं होतं. त्यानंतर 'ब्रोते' म्हणजे फूट, 'रालेओ' म्हणजे विरळणी, 'ओइदियो' म्हणजे भुरी, 'रिएगो पोर गोतेओ' म्हणजे ठिबक, 'पासास' म्हणजे बेदाणे, हे शब्द असे चिकटले की त्यांच्या चिठ्ठ्याच कराव्या लागल्या नाहीत.

मोठ्या माणसाच्या पुन्हा शिकण्यात सगळ्यात कमी वापरली जाणारी शिदोरी हीच, असं माझं मत झालंय. वीस वर्षांच्या मुलाची जीभ लवकर वळत असेल. पण वाक्याचा पुढचा अर्धा भाग काय असणार, हे ओळखायला लागणारं विषयाचं ज्ञान त्याच्याकडे नसतं. कोर्स सगळ्यांना विमानतळ, हॉटेल आणि मांजर शिकवतो. वहिनींनी आपल्या विषयातून आत शिरायला सुरुवात केल्यावर जो वेग आला तो आधीच्या तीन महिन्यांत नव्हता.

छाटणीत तुटलेली साखळी

ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी लागली आणि सगळं थांबलं. छाटणी, पेस्ट, मग फूट निघाली की पहाटेपासून ब्लोअर. त्यात पावसाने गाठलं आणि डाऊनीच्या धास्तीने दिवसाआड फवारणी. रात्री मोटारीची वीज. दीड-दोन महिने वहिनींनी कोर्स उघडला नाही. रोजची साखळी तुटली, फोनवर आठवणींचे निरोप येत राहिले, उजळणीला थांबलेल्या शब्दांचा आकडा फुगत गेला.

इथेच बरेच जण कायमचे सुटतात. साखळी हे रोज यायला लावायचं साधन म्हणून ठीक आहे, पण शेतकऱ्याचं वर्ष सारखं नसतं. ज्याच्या कामाला हंगाम आहे त्याने साखळीला मान देऊ नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. मी वहिनींना तीन गोष्टी सांगितल्या. फोनवरचे निरोप बंद करा. साचलेली उजळणी संपवायला बसू नका, सरळ पुसून टाका. आणि परत याल तेव्हा पाठापासून सुरू न करता बोलण्यापासून सुरू करा, जेवढं येईल तेवढं.

डिसेंबरमध्ये विरळणी सुरू झाली तेव्हा त्या परतल्या. वेलीखाली हात चालू, कानात पिउराचा आवाज, ओठांवर पुटपुट. विरळणीच्या बायकांनी आधी टक लावून बघितलं, मग एकीने विचारलं, "वैनी, कसला मंत्र म्हणतायसा?" दुसऱ्या आठवड्यात त्याच बाईने घड हातात धरून 'रासिमो' म्हणून दाखवला. दोन महिन्यांच्या खंडानंतर वहिनी सप्टेंबरच्या जागेवर यायला फार दिवस लागले नाहीत. एबिंगहाउसने मोजलेला वाचलेला वेळ तो हाच.

बोलणं

जानेवारीत त्यांनी पहिल्यांदा थेट फोन केला. पेरूचं घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ, दोघांनाही सोयीचं. मी शेजारी बसले होते, मदतीला नव्हे, ऐकायला. वीस-बावीस मिनिटं बोलणं चाललं. व्याकरणाच्या चुका पुष्कळ झाल्या. आकड्यांशी त्या अजून झटत होत्या, 'साडेसातशे'ला दोनदा अडकल्या. पण घड जिरण्याबद्दल, म्हणजे निघालेला घड पुढे न वाढता नाहीसा होण्याबद्दल, त्यांनी विचारलेला प्रश्न त्या गृहस्थांना पहिल्या फेरीत समजला आणि त्यांचं उत्तर वहिनींना समजलं. फुटी निघताना पान आणि घड यांच्यात अन्नाची ओढाताण होते, आधीच्या हंगामात काडी नीट पिकली नसेल तर घड मागे पडतो, हे त्यांनी सांगितलं. वहिनींनी लगेच खरड छाटणीनंतरच्या आपल्या पाण्याच्या पाळ्या सांगितल्या. मधेच त्यांनी 'एस के…' म्हणत वाक्य जोडलं, 'त्याचं असं आहे की', आणि पंचमीच्या दिवशी जे जोड कोसळत होते त्यातला एक आपल्या पायावर उभा राहिलेला मी ऐकला.

आजची स्थिती अशी. पिउराच्या माणसाचं बोलणं त्यांना बहुतांश समजतं. चिलीचं अजून अवघड जातं, तिकडे शब्दाच्या शेवटचा 'स' हवेत विरतो आणि वेगही जास्त. बोलणं कामापुरतं येतं. लिहिणं मागे आहे, कारण त्याची गरजच पडलेली नाही. 'असं केलं असतं तर तसं झालं असतं' ही रचना अजून कच्ची आहे, आणि नुकसानीबद्दल बोलायचं तर शेतकऱ्याला ती हटकून लागते, म्हणून सध्या चिठ्ठ्यांवर तीच वाक्यं आहेत. स्पेनच्या सरकारमान्य प्रमाणपत्राची डेले परीक्षा द्यावी का, असं त्यांनी एकदा विचारलं. ती घेणाऱ्या इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पॅनिश संस्थेचं केंद्र दिल्लीत आहे आणि हे प्रमाणपत्र कधी बाद होत नाही. नोकरी करायची असती तर मी 'द्या' म्हटलं असतं. त्यांना नोकरी करायची नाही, म्हणून तूर्त नको म्हटलं.

ही रीत कुणाला लागू पडेल याबद्दल सावधपणे बोलायला हवं. वहिनींची मूळ दोन वर्षं मेहनतीची होती आणि वर दीड वर्ष रोजचा वापर झाला होता. ज्याने कधीकाळी तीन महिन्यांचा वर्ग करून सोडून दिला, त्याच्याकडे उरलेलं थोडंच असणार, आणि त्याने कोर्सच्या पहिल्या पाठापासून जाणंच बरं. पण दोन-तीन वर्षं नीट शिकलेल्या माणसाला, मग ती स्पॅनिश असो, जर्मन असो वा रशियन, मी आता वर्गात घेण्याआधी अर्धा तास नुसतं बोलायला लावते. चाचणी देत नाही. काय उरलंय ते तिथे दिसतं, आणि पहिल्या महिन्याचं काम त्यावरूनच ठरतं.

बेदाण्याचं काम आटोपलं की वहिनी चिलीच्या आवाजाला हात घालणार आहेत. पिउराच्या गृहस्थांनीच तिकडच्या एका जुन्या सहकाऱ्याचा नंबर दिलाय, आणि 'तो फार भरभर बोलतो' असं आधीच बजावलंय.